लोणेऱ्याच्या विद्यापीठाला आपण कधी प्रश्न विचारलाय का?

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

मुंबई-गोवा हायवेने जाताना माणगावच्या पुढे लोणेरे लागतं. तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 सालचं. 2014 च्या कायद्यानंतर राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडली गेली. म्हणजे राज्याचं तंत्र विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे. पण आपला त्याच्याशी संबंध किती? पोराची अॅडमिशन आणि मार्कशीट, एवढाच!

वायरलेस नेटवर्किंग, बायोइन्फर्मेटिक्स हे शब्द ऐकले की आपल्याला वाटतं, हे पुण्या-मुंबईचं काम. जरा आठवून बघा.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड... वीज गेली, पाठोपाठ रेंज गेली. टॉवर वीज गेल्यावर काही तास बॅटरीवर चालतो. मग जनरेटर, त्याला डिझेल. रस्त्यावर झाडं आडवी पडलेली असताना डिझेल कोण नेणार? मुंबईतल्या चाकरमान्यांना कित्येक दिवस घरच्यांचा आवाज ऐकायला मिळाला नाही. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, फोन लागेना. मदत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

यावर संशोधन होऊ शकतं का? झालंय, आणि ते आपल्याच कोकणात. आयआयटी मुंबईने पालघरच्या खामलोली परिसरातल्या गाव-पाड्यांत टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवून दाखवलं. या लहरी झाडी आणि चढउतार ओलांडून वायफायपेक्षा लांब जातात. या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. तिकडे केरळात अमृता विद्यापीठाने मच्छीमार बोटींसाठी ‘ओशननेट’ उभं केलं, किनाऱ्यापासून 40 किलोमीटरहून आत. आपली बोट थोडी खोल गेली की मोबाईल नुसता घड्याळ बघायला उरतो!

आता बायोइन्फर्मेटिक्स. सोप्या भाषेत, जीवाच्या डीएनए-आरएनएमधली अक्षरं कॉम्प्युटरवर वाचून त्यांचा अर्थ लावणं. कोरोना विषाणूची अशी अक्षरं सुमारे 30 हजार. 2021 मध्ये शेजारच्या रत्नागिरीत डेल्टा प्लस सापडला तो याच वाचनातून. नमुने कोकणातले, पण वाचन बाहेर. पुणे विद्यापीठात या विषयाचं केंद्र 1987 पासून आहे.

आपल्याकडे या शास्त्राला काम काय, असं विचाराल, तर अलिबागचा पांढरा कांदा घ्या. जीआय मानांकन मिळालं. पण रस्त्याकडेला ‘अलिबागचा’ म्हणून टांगलेली प्रत्येक माळ अलिबागचीच असते का? बासमतीची भेसळ डीएनए चाचणीने पकडतात. आपल्या कांद्याची तशी ओळख पटवता येईल का, हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्यावर शेतकऱ्याचा भाव अवलंबून आहे. कोळंबीच्या तलावात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला की अख्खं पीक जातं. तोही याच शास्त्राचा विषय.

कुणी म्हणेल, टॉवर हे कंपन्यांचं काम आणि विद्यापीठाकडे पैसा कुठे? खरंय. पण ज्या वाडीत दहा-वीस घरं आहेत तिथे कंपनीला धंदा दिसत नाही. तिथे स्वस्त मार्ग शोधायचं काम विद्यापीठानेच करायचं असतं. आणि पोरं शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करतातच ना? दरवर्षी तेच ते विषय, बाइंड केलेली फाईल, मग कपाट. त्याऐवजी एखादा गट दिवेआगरला आला, एखादा तळीयेच्या डोंगरात गेला तर? प्राध्यापकांनाही दोष देणार नाही. त्यांची बढती पेपरांच्या संख्येवर ठरते, गावातल्या कामाला गुण किती?

म्हणून माझ्या तीन मागण्या. एक, विद्यापीठाने किनाऱ्यावरच्या दोन-तीन गावांत वादळात टिकणाऱ्या, सोलरवर चालणाऱ्या नेटवर्कचा प्रयोग सुरू करावा. दोन, जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी निधी ठेवावा. हायमास्ट दिव्यांना पैसे मिळतात, याला का नाही? तीन, कांदा आणि कोळंबीसाठी पुण्यातल्या संस्थांशी करार करावा.

पण आपण विचारल्याशिवाय कुणी येणार नाही. खाली तुमच्या गावाचं नाव लिहा, रेंज कुठे जाते आणि निसर्गच्या वेळी किती दिवस फोन बंद होता तेही लिहा. यादी करून मी स्वतः लोणेऱ्याला नेऊन देतो. काय उत्तर मिळालं, तेही इथेच सांगेन.