अर्ध्याहून एक मत जास्त

४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर तीन कौल दिले. बराक ओबामांना त्यांनी ६१ टक्के मते दिली. अंड्यांच्या कोंबड्या, वासरे आणि गाभण डुकरिणी यांना निदान उभे राहता, वळता, अंग पसरता येईल एवढी जागा मिळालीच पाहिजे, हा कायदा ६३ टक्क्यांनी मंजूर केला. आणि ५२ टक्क्यांनी राज्याच्या घटनेत एक वाक्य घातले : कॅलिफोर्नियात फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातील विवाहच वैध मानला जाईल. हाच तो गाजलेला ‘प्रस्ताव ८’.

कोंबड्यांना मोकळीक आणि माणसांना बंदी, असा टोमणा मारून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यात अधिक गंभीर गोष्ट दिसते. हे मतदार एकाच दिवशी दयाळू आणि निर्दय झाले नव्हते. माणसे तीच, मतदान केंद्रही तेच. मात्र लग्नाचा प्रश्न त्यांच्यापुढे ज्या वाटेने आला, त्या वाटेवर विचार करायला जागाच ठेवलेली नव्हती.

ती वाट थोडी मागून पाहावी लागते. २०००मध्ये याच आशयाचा साधा कायदा जनमताने ६१ टक्क्यांनी मंजूर झाला होता. २००४च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी आपल्या अधिकारात समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने द्यायला सुरुवात केली; सुमारे चार हजार जोडप्यांची लग्ने लागली आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द ठरवली. त्याच न्यायालयाने १५ मे २००८ रोजी, चार विरुद्ध तीन मतांनी, मूळ बंदीच घटनाबाह्य ठरवली. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत सुमारे अठरा हजार जोडप्यांनी लग्ने केली.

प्रस्ताव ८ मतपत्रिकेवर आणण्यासाठी सह्या गोळा होत होत्या तेव्हा हा निकाल लागलेला नव्हता. तेव्हा प्रस्तावाचा सूर आहे ती चौकट पक्की करण्याचा होता. मतदानापर्यंत मात्र त्याचा अर्थ पार बदलला. आता लोक वापरत असलेला हक्क काढून घ्यायचा होता. महाधिवक्ता जेरी ब्राउन यांनी मतपत्रिकेवरचे शीर्षक त्याप्रमाणे बदलले आणि ‘समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क रद्द करणारा’ असे स्पष्ट लिहिले. समर्थक त्याविरुद्ध कोर्टात गेले, तिथे हरले. एवढे स्वच्छ शीर्षक समोर असूनही प्रस्ताव मंजूर झाला, हे विसरून चालणार नाही. लोकांची फसवणूक झाली, असे म्हणून या निकालातून सुटका नाही.

मग झाले काय? दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला गेला, आणि त्यातला मोठा भाग गेला टीव्हीवरच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातींवर. सर्वांत गाजलेल्या जाहिरातीत एक लहान मुलगी शाळेतून घरी येते, आईच्या हातात गोष्टीचे पुस्तक देते आणि आनंदाने सांगते की, आज आम्ही शिकलो, राजपुत्र राजपुत्राशी लग्न करू शकतो. मीही मोठेपणी राजकन्येशी करीन. आईचा चेहरा पडतो. प्रस्तावाच्या मजकुरात शाळेचा उल्लेखही नव्हता. पण आईबापांच्या मनातली धास्ती मजकूर वाचून ठरत नाही. आणि विरोधकांनी काय केले? ज्यांच्या लग्नाचा प्रश्न होता त्या जोडप्यांना त्यांनी आपल्याच जाहिरातींतून जवळपास गायब केले. अधिकाऱ्यांची, नेत्यांची आश्वासने दाखवली. शेजारच्या घरातल्या दोन बायका दिसल्या तर मते जातील, असा हिशेब. तो हिशेब अंगलट आला, आणि माझ्या मते तो यायलाच हवा होता.

निकालानंतरची चर्चा तर आणखी खालच्या पायरीवर उतरली. मतदान केंद्राबाहेरच्या एका पाहणीच्या आधारे ७० टक्के कृष्णवर्णीयांनी बंदीला पाठिंबा दिल्याचा आकडा फिरला आणि हरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी एका अल्पसंख्य समाजाच्या पराभवाचे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडले. पुढच्या अभ्यासात तो आकडा साठच्याही खाली आला. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. सहा वर्षांनी मोझिला कंपनीचे प्रमुख ब्रेंडन आइक यांना प्रस्तावाच्या बाजूने दिलेल्या एक हजार डॉलरच्या देणगीपायी पद सोडावे लागले. मी बंदीच्या विरोधात आहे, तरी हे मला शहाणपणाचे वाटत नाही. पण ज्या चर्चेत एका बाजूचा संसारच पणाला लावलेला असतो, तिथे नंतर सगळ्यांनी मोठ्या मनाने वागावे, ही अपेक्षाही जरा महागच.

या सगळ्याच्या शेजारी जानेवारी २०१०मधले सॅन फ्रान्सिस्कोचे संघीय न्यायालय ठेवून पाहावे. बंदीविरुद्ध उभे होते टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइझ. २०००च्या बुश विरुद्ध गोर खटल्यात हे दोघे एकमेकांसमोर लढलेले वकील. खटला उभा राहण्याआधीच्या एका सुनावणीत न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी बंदीच्या वकिलांना, चार्ल्स कूपर यांना, साधे विचारले : समलिंगी विवाहाने स्त्री-पुरुषांच्या विवाहाचे नेमके नुकसान काय होते? कूपर यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, मला माहीत नाही. प्रत्यक्ष खटल्यात बंदीच्या बाजूने दोनच साक्षीदार उभे राहिले. त्यातले डेव्हिड ब्लँकनहॉर्न उलटतपासणीत चांगलेच अडचणीत आले, आणि २०१२मध्ये त्यांनी जाहीरपणे आपली भूमिका बदलली.

टीव्हीवर जे ठासून सांगता येत होते, ते शपथेवर सांगायला माणूस मिळेना. जाहिरातीतल्या आईला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. सार्वमताच्या प्रचारात पुरावा मागणारे कोणी नसते, खोटे ठरल्याची किंमत नसते, आणि मतदाराला आपल्या निर्णयाचे कारण द्यावे लागत नाही. पूल बांधावा की नाही, यासाठी ही पद्धत चालेल. कोणाच्या घराला घर म्हणायचे यासाठी ती धोक्याची आहे.

कॅलिफोर्नियाला हा धोका नवा नाही. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात, १९११मध्ये, थेट जनमताची सोय आणली गेली ती सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या मगरमिठीतून विधिमंडळ सोडवण्यासाठी. हेतू उत्तमच. पण १९२०मध्ये हीच सोय वापरून मतदारांनी नागरिकत्वास अपात्र परक्यांच्या जमीनधारणेवरचा कायदा आणखी आवळला. मुख्य निशाणा जपानी शेतकरी होते. १९२३च्या भगतसिंग थिंद निकालाने हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व नाकारल्यावर पंजाबी शेतकरीही त्यात भरडले गेले. १९६४मध्ये घरे विकताना-भाड्याने देताना वंशभेद करू नये हा कायदा मतदारांनी ६५ टक्क्यांनी गुंडाळून ठेवला. तो कौल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९६७मध्ये मोडावा लागला. उलट, आंतरवंशीय विवाहावरची बंदी याच राज्याच्या न्यायालयाने १९४८मध्ये, तीही चार विरुद्ध तीन मतांनी, उठवली. लोकांना विचारले असते तर? दहा वर्षांनी, १९५८मध्ये, गॅलपच्या पाहणीत अशा विवाहांना मान्यता देणारे अमेरिकी नागरिक होते ४ टक्के.

त्याच १९४८ साली, ४ नोव्हेंबरला, बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत सांगत होते की घटनात्मक नीती ही उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते. तारखेचा योगायोग सोडा. मुद्दा कॅलिफोर्नियाला तंतोतंत लागू पडतो. आपल्याकडे अशा सार्वमताची सोय नाही, म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. २०२३मध्ये समलिंगी विवाहाच्या याचिकांवर केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने विषय संसदेवर सोपवला. ‘समाज तयार आहे का’ हा प्रश्न मतपेटीशिवायही विचारता येतो.

आता खरी काळजी वाटते ती जिंकलेल्यांची. प्रस्ताव ८ संपला तो तत्त्वावर नव्हे. वॉकर यांनी तो ऑगस्ट २०१०मध्ये घटनाबाह्य ठरवला होता, पण राज्य सरकारने त्याच्या बचावाला नकार दिला, आणि २६ जून २०१३ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढेच म्हटले की प्रस्तावकांना अपील करण्याचा अधिकार नाही. लग्ने पुन्हा सुरू झाली, वाक्य घटनेत तसेच राहिले. समलिंगी विवाह देशभर वैध ठरवणाऱ्या २०१५च्या ओबर्गफेल निकालानंतर ते निर्जीव समजले गेले. मग २०२२मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या डॉब्ज निकालात न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा असे लिहिले, आणि मेलेल्या वाक्याची भीती वाटू लागली. त्या डिसेंबरमध्ये आलेल्या संघीय कायद्याने इतरत्र झालेल्या लग्नांना मान्यता देणे राज्यांना बंधनकारक केले, पण स्वतः परवाने देण्याची सक्ती केली नाही. निम्म्याहून अधिक राज्यांच्या कायद्यांत वा घटनांत जुन्या बंद्या अजून छापलेल्या आहेत.

म्हणून कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये पुन्हा मतदान घेतले. ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी ते वाक्य निघाले आणि विवाह हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत आला. आनंदाची गोष्ट, यात शंका नाही. पण त्याच मतपत्रिकेवर तुरुंगातल्या सक्तीच्या मजुरीवर बंदी घालणारा प्रस्तावही होता, आणि तो ५३ टक्क्यांनी फेटाळला गेला. २००८मध्ये पारडे कोंबड्यांच्या बाजूने झुकले होते, या वेळी जोडप्यांच्या. कैद्यांची पाळी यायची आहे, किंवा येणारही नाही.

मुळातला नियम कोणीच हलवला नाही. कॅलिफोर्नियात विधिमंडळाला कर वाढवायचा असेल तर १९७८पासून दोन-तृतीयांश मते लागतात. घटनेतून एखाद्या समूहाचा हक्क जनमताने काढून टाकायला अर्ध्याहून एक मत जास्त पुरते. प्रस्ताव ८ टिकवताना २००९मध्ये राज्याच्या न्यायालयाने हेच मान्य केले. ही दुरुस्ती मतपत्रिकेवर आणायला गव्हर्नरच्या गेल्या निवडणुकीतील मतांच्या ८ टक्के सह्या लागतात, म्हणजे २०२२च्या मतदानानुसार पावणेनऊ लाखांच्या आसपास. पगारावर सह्या गोळा करणारे बाजारात मिळतात, आणि नव्या वाक्याच्या जागी जुने आणायलाही सह्या तेवढ्याच लागतील.