रस्ता वर, घर खाली

हळदीचे पैसे हातात आले की आमच्या भागात गवंड्यांना मोठा भाव येतो. मार्च उलटला की दारोदार वाळूचे ढीग, विटांचे थर आणि मुलांच्या पायाला चिकटून घरभर फिरणारं सिमेंट. कुणी वरचा मजला चढवतं, कुणी पुढच्या खोलीत पीओपीचं छत करून त्यात निळे-पिवळे दिवे सोडतं. कुणाच्या गेटवर दोन सिंह येऊन बसतात. घर दुरुस्त करावं, सजवावं, त्यात वावगं काहीच नाही. पण घराचा नकाशा ओसरीवर बसून ठरत असतो तेव्हा त्या घरात सगळ्यात जास्त तास वावरणारी बाई कुठं असते? आत चहा टाकत असते. मैत्रिणींनो, माझा मुद्दा एवढाच आहे.

आमचं कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं गाव. एका अंगाला मराठवाडा, दुसऱ्या अंगाला वऱ्हाड. जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा उल्लेख येतो. गाव रस्त्याचं, त्यामुळे रस्ता बदलला की घरंही बदलतात. दरवेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता वर जातो आणि जुनी घरं आहेत तिथंच राहतात. माझ्या माहितीतल्या काही घरांत पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं, आता दोन पायऱ्या उतरावं लागतं. मागच्या खोल्या तर निम्म्या जमिनीत गेल्यासारख्या. मुंबई-पुण्याच्या बंगल्यात खास खर्च करून तळघर बांधतात म्हणे. आम्हाला ते सरकारी डांबरानं फुकट दिलं!

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण. बारा वर्षं शिलाई करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, लग्नसराईत रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीन चालू. मशीन कुठं? तर स्वयंपाकघर आणि ओसरीच्या मधल्या बोळकांडीत. कुणी जायचं-यायचं झालं की हिनं उठायचं. पाहुणे आले की मशीनवर चादर टाकायची. यंदा घर दुरुस्तीला काढलं. वरच्या मजल्यावर मुलासाठी खोली, पुढं दिवाणखाना. एक दिवस ती खुशीत सांगत आली, "ताई, मागची खालची खोली मला देऊ म्हणतेत. तिथंच एका कोपऱ्यात न्हाणी-संडास आन् बाकीच्या जागेत माझं मशीन."

तिचा आनंद मोडायचा नव्हता, पण खोली मी पाहिलेली होती. भिंतींना कमरेपर्यंत ओल, पोपडे सुटलेले, खिडकी एक आणि तीही वीतभर. आजवर तिथं कडबाकुट्टी आणि मोडकी सायकल राहायची. माणसांना नको झालेली जागा बाईच्या वाट्याला आली, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर म्हणायचं काय, तर आम्ही तिला स्वतंत्र खोली दिली!

जमिनीखालच्या जागेशी आपली जुनी ओळख आहे. मराठवाड्यात धान्य ठेवायला पेवं असायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला की मागं फिरायचं. बंद जागेतलं धान्य श्वास घेतं, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचून बसतो. हे विज्ञान आजीला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, पण कंदील सोडायचं तिला ठाऊक होतं. आज आपण त्याच सखल जागेत काय ठेवतो? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तोही खालीच साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात नको म्हणजे नकोच. बंद न्हाणीघरात गॅस गिझर नको, आणि खालच्या खोलीत डिझेलचं जनरेटर किंवा कोळशाची शेगडी तर मुळीच नको. त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही, माणूस झोपेतच जातो.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. काळी कसदार माती कापसाला, सोयाबीनला चांगली, पण घराला मोठी खट्याळ. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. जमिनीत गेलेल्या भिंतीला ती वर्षातून एकदा ढकलते आणि एकदा सोडते. पाणी तिच्यातून लवकर निचरत नाही, भिंतीशी साचून राहतं. अशा खोलीला नुसता रंग दिला तर एका पावसाळ्याचं समाधान. आधी बाहेरून पाणी तोडावं लागतं. भिंतीलगत चर खणून त्यात खडी, भिंतीला बाहेरच्या बाजूनं वॉटरप्रूफिंग, छताचं पाणी पाईपनं दूर. मग आतलं प्लास्टर. मिस्त्री उलटं सांगतात, कारण आतलं काम लवकर होतं आणि लवकर दिसतं.

आणि तिसरी अडचण संडासाची. पाणी चढावर जात नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. पण घर बांधताना भलेभले विसरतात. खालच्या खोलीतल्या न्हाणीची फरशी गटारापेक्षा खोल असेल तर पावसाळ्यात गावाचं पाणी उलटं फिरून तुमच्या न्हाणीत येणार. मग एक तर पाणी साठवून पंपानं वर चढवा, नाहीतर संडास-न्हाणी वरच घ्या. पंप म्हटला की वीज आली, आणि आमच्याकडची वीज म्हणजे माहेरवाशीण, येते आणि जाते. मी तरी म्हणेन, संडास वर, जमिनीच्या पातळीवर घ्या. दोन शोषखड्ड्यांचा करा. एक खड्डा भरला की मधल्या पेटीतून वाट बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिला वर्षभर तसाच झाकून ठेवला की आतल्या मैल्याचं बिनवासाचं खत होतं. काळ्या मातीत खड्ड्याच्या भोवती वाळूचा थर द्यावा, आणि विहीर-बोअर किमान दहा मीटर लांब हवी. सेप्टिक टँक बांधलात तर वास वर नेणारी उभी पाईप विसरू नका.

न्हाणीवर मी एवढा जीव का काढते, असं घरचेही विचारतात. गावागावांत फिरताना जे दिसलं त्यामुळे. २०११च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम एकतीस घरांत संडास होता. २००० साली आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, २०१४ साली स्वच्छ भारत आलं, बारा हजारांचं अनुदान आलं. संडास झाले, हे मान्यच करायला हवं. पण न्हाणीघर? ते कुणाच्या यादीत नव्हतं. कित्येक घरांत अजून खाटेला साडी बांधून आडोसा करतात, बाया पहाटे अंधारात आंघोळ उरकतात. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायचा कुठं, वाळवायचा कुठं? उन्हात वाळला पाहिजे हे आरोग्यसेविका सांगून जाते, पण उन्हात घालायला आडोशाची जागा नको का? लघवीला जायला नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया मी पाहिल्यात, आणि नंतर जळजळ, मूतखडे घेऊन दवाखान्यात बसलेल्याही. तेव्हा दार, कडी, उजेड, पाणी आणि हवा यांतलं एक जरी नसेल तर ती न्हाणी नव्हे. गेटवरच्या सिंहांच्या पैशात एवढं नक्की बसतं.

आता मशीनच्या जागेकडे येऊ. बाईचं घरातलं काम हे 'फावल्या वेळेचं' असतं, म्हणून त्याला जागाही फावलेली. लिज्जत पापडाची गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पण त्यातला एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. तिथं पीठ घरी नेऊन लाटायचं तर घर स्वच्छ हवं, पापड वाळवायला जागा हवी. ज्यांच्याकडे ती नाही, त्या बहिणींनी पीठ मळायचं, पाकिटं भरायची. म्हणजे घरात किती जागा आहे, त्यावर बाईच्या वाट्याला कुठलं काम येणार ते ठरतं. बी.ए.ला असताना व्हर्जिनिया वुल्फचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तिनं १९२९ साली मांडलं होतं की लिहिणाऱ्या बाईला स्वतःचे पैसे आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी. लिहिणारीलाच का? पिको करणारीला नको?

सरकार अवजारांना पैसे देतं. १७ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या मुक्तिसंग्रामाच्या दिवशीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत शिंप्याचाही आहे, पंधरा हजारांचं अवजारांचं साहित्य आणि पाच टक्के व्याजानं कर्ज मिळतं. मशीन येईल हो, पण ती ठेवायची कुठं? सुईत दोरा ओवायला डाव्या बाजूनं उजेड हवा, इस्त्रीला नीट अर्थिंग केलेला बोर्ड हवा, ओल्या भिंतीपासून वायर लांब हवी, शॉक लागताच वीज तोडणारा स्विच हवा. गिऱ्हाईक बाईला माप द्यायला पडदा हवा, आणि तिला घरातल्या पुरुषांच्या समोरून जावं लागू नये असं दार हवं. हे दार तर फार मोठं भांडवल आहे. नाहीतर तरण्या सुना-मुली दुसऱ्या शिलाईवालीकडे जातात.

मैत्रिणीला मी नाही म्हण असं सांगितलं नाही. मिस्त्रीला समोर बसव आणि तू स्वतः बोल, एवढंच म्हटलं. ती बोलली. सासरे आधी गप्प, मग म्हणाले, "बाईमाणसाला काय कळतं बांधकामातलं?" तिनं शांतपणे सांगितलं, "मामंजी, खोलीच्या फरशीचे पैसे माझ्या शिलाईतून चाललेत, तेवढं तरी कळतं." त्यानंतर चर खणला गेला, खिडकी मोठी झाली, संडास-न्हाणी वरच्या अंगणात गेली. दिवाणखान्याचं पीओपी मात्र राहिलं, त्यावरून अजून कुरबुर चालू आहे म्हणे.

पण मला आणखी एक विचारायचं होतं आणि ते मी विचारलंच. फरशी तुझी, मजुरी तुझी, कर्जाचा हप्ता तुझ्या बचत गटाचा. घर कुणाच्या नावावर? ती हसली, तिला प्रश्नच विनोदी वाटला. नवऱ्याच्या नावावर, आणखी कुणाच्या! 'घर दोघांचे' ही मोहीम राज्यात २००३ साली आली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावायचं. त्याला इतकी वर्षं झाली. किती घरांच्या उताऱ्यावर दोन नावं आहेत ते आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन बघा, उतारा मागायला लाज कसली. अर्ज साधा असतो, नवऱ्याची संमती लागते, आणि खरी लढाई त्या सहीचीच असते. नवरा चांगला आहे, मग नाव कशाला, असं बाया म्हणतात. नवरा चांगला आहे तोवरच सही मागायची असते, बाई!

तिच्या नवऱ्यानं "बघू" म्हटलंय. गवंडी अजून पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात ती पुन्हा विचारणार आहे.