नापास करावे की करू नये?

मैत्रिणींनो, परवा संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. आमची नववीतली धाकटी वही घेऊन आली. “आई, उद्या निबंध द्यायचाय. ‘विद्यार्थ्यांना नापास करावे की करू नये?’ तू सांग, मी लिहिते.”

“मोबाइलवर तयार मिळेल की!” वर्तमानपत्रातून मान वर न करताच हे म्हणाले.

तयार निबंध मिळतो, गुणही मिळतात. पण वादाच्या निबंधात मुलाने दोन्ही बाजू तोलायच्या असतात. ते तोलणेच आपण उसने आणले, तर शिकायचे काय राहिले? म्हणून मी तिला पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी.

आधी माहिती लिहून घेतली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवायचे नाही, असे ठरवले. मूल्यमापन मात्र बंद केले नव्हते. उलट ते वर्षभर चालू ठेवायचे होते. आपण घरोघरी त्याचा अर्थ “आता परीक्षाच नाही” असा करून टाकला! २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण त्याआधी जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा हवी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले.

धाकटी लगेच म्हणाली, “नापास करायलाच हवं. आमच्या वर्गातल्या एकाला अजून धडा धड वाचता येत नाही. ढकलत ढकलत नववीत आलाय.”

मुद्दा खरा होता. पण उजवी बाजू रिकामीच. तेव्हा मी इतकी वर्षे घरात न काढलेला विषय काढला. “तुझी मावशी सातवीत नापास झाली होती, ठाऊक आहे?”

ती बघतच राहिली. त्या वर्षी मावशी टायफॉइडने दोन महिने अंथरुणाला खिळली होती. गणित गेले. वडील म्हणाले, “पुरे झालं आता शिक्षण.” पुढे सगळे म्हणत, तिला अभ्यासाची गोडीच नव्हती. मीही तेच म्हणत आले.

लेकीने तिथल्या तिथे मावशीला फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आले, “नापास झाले त्याचं काही नाही गं. मला पुन्हा कुणी परीक्षेला बसवलं नाही, त्याचं वाईट वाटतं.”

मैत्रिणींनो, माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. वर्गात न वाचता येणारा तो मुलगा आणि माझी बहीण, एकाला पुढे ढकलले, दुसरीला घरी बसवले. पण “तुझे कुठे अडते?” असे विचारून दोघांजवळही कुणी बसले नाही. लेकीने निबंधाचा शेवट याच मुद्द्यावर केला, आणि तो स्वतःच्या शब्दांत.

तुमच्याही घरी असा निबंध येईल. तो सांगू नका, बरं का! मुलाचे मत काय ते आधी ऐका. मग विचारा, “जो तुझ्याविरुद्ध बोलेल, त्याचा सगळ्यात बिनतोड मुद्दा कोणता?” आणि घरातल्या एखाद्या मावशीला, आत्याला, आजीला त्याबद्दल जरूर विचारू द्या.

मी मात्र बहिणीला हे विचारायला फार उशीर केला.