नाकाचे ऑपरेशन झाले, आता दुखणे सोसायचेच का?

‘नाकाचे हाड वाढले आहे, ऑपरेशन करून घ्या,’ असे तज्ज्ञांनी सांगितले की घरात सल्लागारांची रांग लागते. ‘ऑपरेशनचे काही नाही हो, पण नाकातली पट्टी ओढतात ना, तेव्हा ब्रह्मांड आठवते!’ हे ऐकून रुग्ण कच खातो आणि पुढे वर्षानुवर्षे तोंडाने श्वास घेत, रात्री घोरत, नाकात थेंब घालत दिवस काढतो. केवळ दुखण्याच्या भीतीने ऑपरेशन टाळणारे असे अनेक जण माझ्या दवाखान्यात येतात. ही भीती अगदीच निराधार नाही. पण आजच्या काळात ती बाळगण्याचे कारणही नाही.

प्रथम एक खुलासा. बहुतेकांच्या नाकातले हाड ‘वाढलेले’ नसते. दोन नाकपुड्यांमधला कूर्चेचा व हाडाचा पडदा वाकडा असतो, तो ऑपरेशनने सरळ करतात. नंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून नाकात पट्टी किंवा स्पंजसारखा पॅक भरतात व तो साधारणपणे २४ ते ४८ तासांनी काढतात. खरा त्रास या पॅकचा. नाक ठणकते, डोके जड होते, डोळ्यांतून पाणी येते, घसा कोरडा पडतो, रात्री गुदमरल्यासारखे वाटते. हल्ली अनेक सर्जन पडद्याला विरघळणारे टाके घालून पॅक टाळतात. आपल्या बाबतीत तसे शक्य आहे का, हे जरूर विचारावे.

आता जागा बधिर करणाऱ्या औषधांविषयी. १८८४ साली कार्ल कोलर या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिले. तेथून ही विद्या सुरू झाली. १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. दात काढताना हिरडीत देतात ते बहुधा हेच. याचा परिणाम तास-दोन तास टिकतो, ॲड्रेनॅलिन मिसळल्यास थोडा अधिक. ब्युपिव्हाकेन हे त्याचे भावंड कित्येक तास काम करते.

पुष्कळांना वाटते की पूर्ण भूल दिल्यावर जागा बधिर करण्याची गरज काय? गरज आहे. पूर्ण भूल उतरली की रुग्ण जागा होतो आणि ठणका लगेच सुरू होतो. ऑपरेशनच्या वेळीच नाकातल्या नसांभोवती जास्त काळ टिकणारे औषध दिले, किंवा पॅक त्यात भिजवून बसवला, तर पहिले काही तास बरेच सुसह्य जातात. पॅक काढण्यापूर्वी तो लिग्नोकेनने भिजवून थोडे थांबले आणि तासभर आधी वेदनाशामक गोळी दिली, तर ‘ब्रह्मांड आठवण्याची’ वेळ सहसा येत नाही. यात फार खर्च नाही, लागते ती थोडी सवड. मात्र ही औषधे वजनाच्या हिशेबाने द्यावी लागतात. मात्रा जास्त झाल्यास ओठांना मुंग्या येणे, कानात आवाज येणे, झटके येणे, हृदयाचे ठोके बिघडणे असे प्रकार होऊ शकतात. म्हणून हे काम जाणकारांचेच. हृदयविकार, रक्तदाब किंवा पूर्वी एखाद्या औषधाची आलेली रिॲक्शन आधीच सांगून ठेवावी.

बधिरपणा उतरण्याआधी गोळी पोटात गेलेली असावी. पहिले दोन-तीन दिवस गोळी घड्याळाप्रमाणे घ्यावी. दुखणे असह्य होईपर्यंत थांबू नये. बहुतेकांना पॅरासिटामॉल हाच पाया पुरतो. प्रौढ माणसाने दोन डोसांत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसभरात ५०० मि.ग्रॅ.च्या ८ गोळ्यांपेक्षा जास्त कधीही घेऊ नयेत. यकृताचा विकार किंवा दारूचे व्यसन असल्यास त्याहून कमी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे.

मेडिकल स्टोअरमधून ‘जोरदार’ गोळी मागून घेण्याची सवय मात्र धोक्याची आहे. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. शिवाय नाकात मोड असलेल्या काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी दम्याचा जबर झटका येतो. मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असणाऱ्यांनीही या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

उशाला दोन उश्या घ्याव्यात, नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवावे. दुखणे दिवसागणिक कमी व्हायला हवे. ते उलट वाढू लागले, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद झाल्या, ताप आला, ताजे रक्त वाहू लागले, डोळ्याभोवती सूज आली किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव गळू लागला, तर गोळी घेऊन झोपून न राहता त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

‘ऑपरेशन म्हटले की दुखणारच’ असे म्हणणे सोपे आहे, मग म्हणणारा नातेवाईक असो की डॉक्टर. माझे मत असे की, वेदना कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे, रुग्णाचे लाड नव्हेत. ज्याला धड झोप मिळते, तो पाणी पितो, जेवतो, लवकर हिंडू-फिरू लागतो. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवतानाच सर्जनना विचारावे, ‘दुखू नये म्हणून काय करणार? पॅक कधी आणि कसा काढणार? रात्री फारच दुखले तर कोणती गोळी घेऊ?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा रागही येत नाही.