परका टॉवर

मोबाइलवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' अशी अक्षरं दिसली की माझं डोकं तापतं, हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झालं असेल. या आठवड्यात तापायला कारण वेगळं होतं. लाखनीच्या बसस्टँडवर एक जण छातीठोकपणे सांगत होता, की आता सगळ्या कंपन्यांचे टॉवर सगळ्यांना खुले झाले, कोणतंही सिम घ्या, कुठंही चालतं. ऐकणारे माना हलवत होते. तसं झालेलं नाही. झालंय ते यापेक्षा बरंच लहान आहे, आणि आपल्याकडच्या जंगलकडेच्या गावांना ते पुरणारं नाही.

झालं ते एवढंच. 17 जानेवारी 2025 रोजी केंद्रीय दूरसंचारमंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी 'इंट्रा सर्कल रोमिंग' सुरू केलं. 'डिजिटल भारत निधी'च्या पैशातून उभ्या राहिलेल्या 4जी टॉवरवर बीएसएनएल, जिओ आणि एअरटेल यांपैकी कोणाचंही सिम चालेल, अशी ही सोय. देशभरात असे सुमारे 27 हजार टॉवर आणि त्यांच्या रेंजमधली 35 हजारांवर गावं. हा निधी म्हणजे जुना यूएसओ फंड. कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के त्यात जातात, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून. सोय चांगली आहे, मी तिचं मनापासून स्वागत करतो. पण कंपनीनं स्वतःच्या पैशानं उभारलेल्या टॉवरवर अशी सक्ती नाही. आणि आपल्या गावांच्या डोक्यावर बहुतेक तेच टॉवर आहेत.

माझ्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे आमच्या बाईचं, सासर कोका अभयारण्याला लागून आहे. गावात टॉवर एकच. बाईच्या घरातलं सिम दुसऱ्या कंपनीचं. सांदवाडीत उभं राहिलं की टॉवरचा लाल दिवा दिसतो आणि मोबाइल मात्र मुका. बाई म्हणते, "टावर तर समोरच दिसते ना रे, पन आपल्या मोबाइलले वळखत नाही तो." मी तिला सांगितलं की तो चांगला ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच नाकारतो. त्याच सांदवाडीतून, त्याच मोबाइलवरून 112 लावा. लागतो. तातडीचा कॉल कोणत्याही कंपनीच्या टॉवरनं घ्यायचा असतो आणि तो घेतलाही जातो. पडद्यावर 'फक्त इमर्जन्सी कॉल' येतं त्याचा अर्थच असा, की इथं लहरी पोचताहेत, यंत्र जागं आहे, तुमचा मोबाइल त्याच्याशी बोलतोही आहे. फक्त कंपनी परकी आहे. 112 ला तो दरवाजा उघडतो आणि हैदराबादला असलेल्या तिच्या मुलासाठी उघडत नाही. यात तंत्रज्ञानाची अडचण मला तरी कुठं दिसत नाही.

कंपन्यांना हे जमत नाही, असंही कोणी सांगू नये. तुमसर तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावांतल्या लोकांना विचारा. नाकाडोंगरीच्या पुढं, बावनथडीच्या काठानं चालताना मोबाइल पलीकडचा मध्य प्रदेशचा टॉवर धरायचा, आणि माणूस आपल्याच धुऱ्यावर उभा असताना रोमिंगचे पैसे कापले जायचे. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे राजरोस चालू होतं. कोणाचं सिम, कोणाचा टॉवर, किती मिनिटं, किती पैसे, हा सगळा हिशेब तेव्हा पैशापैशापर्यंत लागत होता.

3जीच्या वेळचं तर याहून ठळक उदाहरण आहे. 2010 च्या लिलावात महाराष्ट्र सर्कलसाठी एअरटेलला 3जीच्या लहरी मिळाल्या नव्हत्या. व्होडाफोन आणि आयडियाला मिळाल्या होत्या. या तिघांनी आपसांत करार केले आणि एकमेकांच्या जाळ्यावर ग्राहकांना 3जी विकलं. दूरसंचार विभागानं ते बेकायदा ठरवलं, कंपन्या लवादात गेल्या, आणि एप्रिल 2014 मध्ये दूरसंचार लवादानं कंपन्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे जाळं वाटून घेण्याचा हक्क मिळावा म्हणून याच कंपन्या भांडल्या आणि जिंकल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर 'दाना' वादळ आलं तेव्हाही आपत्तीपुरतं हे रोमिंग खुलं केलं होतं. आमच्याकडं 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेनं भंडारा शहरात आणि चौरास भागात जो धुमाकूळ घातला, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वीज गेली की टॉवर आधी बॅटरीवर जातो, मग डिझेलवर, आणि रस्ता पाण्याखाली गेला की डिझेलही पोचत नाही. अशा रात्री जो टॉवर जिवंत असेल तो सगळ्यांचा असला पाहिजे.

कंपन्यांचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते अगदीच चुकीचं नाही. आम्ही पैसे घालून टॉवर उभारायचा आणि दुसऱ्यानं आयतं येऊन बसायचं, मग पहिला टॉवर कोण उभारेल? मुद्दा रास्त आहे. पण जिथं दुसरी कंपनी वर्षानुवर्षं फिरकलीच नाही, तिथं जपायला स्पर्धा उरलीय कुठं? उभारणाऱ्याला ठरावीक मुदत द्या, आणि नंतर मिनिटामागं भाडं घेऊन दरवाजा उघडा. मालगुजारी तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत सोडावंच लागतं, आणि त्यानं वरच्याचा धान वाळत नाही. इंटरनेट राहू द्या बाजूला. निदान बोलणं आणि एसएमएस एवढं तरी कोणत्याही टॉवरवरून मिळालंच पाहिजे, असं दूरसंचार विभागानं लिहून काढावं.

तोवर लोकांनी आपला उपाय काढलेला आहे. दोन सिम. एक गावाचं, एक तालुक्याचं. दोन्ही जिवंत ठेवायची तर दोन रिचार्ज, आणि 28 दिवसांचा महिना धरला तर वर्षात तेरा वेळा. 30 दिवसांचा एक तरी पॅक ठेवा, असं ट्रायनं 2022 मध्ये सांगितलं. नुसत्या कॉल-एसएमएसचा पॅक द्या, असं डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं. दुकानात जाऊन मागा, आधी नेटचाच पॅक पुढं करतात. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून कितीतरी घरांनी दुसरं सिम मरू दिलंय. आणि दोनपैकी एक बंद करायची वेळ आली की बंद पडतं ते घरातल्या बाईचं. पुरुषाला कामावर बोलावणं येतं, ठेकेदाराचा फोन येतो, म्हणून त्याचं चालू राहतं.

आता सगळा कारभार ओटीपीवर चालतो, आणि ज्या बाईचं सिम बंद तिचं सरकारदरबारी तोंडच बंद. सप्टेंबर 2025 मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचं ई-केवायसी सुरू झालं. त्यात बाईच्या आधारचा ओटीपी लागायचा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. आमच्या बाईची सून ते करायला बसली. तिचं सिम सुरू होतं, पण कंपनी दुसरी, त्यामुळं तिचा ओटीपी कसाबसा आला. शेजारणीचा मोबाइल मागून नवऱ्याला फोन लावला. तो हैदराबादला बांधकामावर. त्याला ओटीपी आला तेव्हा तो वरच्या मजल्यावर आणि मोबाइल खाली. त्यानं उलट फोन केला तो बायकोच्या नंबरवर, सवयीप्रमाणं. तो लागला नाही. ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा केलं तर साइटच अडकली. संध्याकाळपर्यंत ती पोर मोबाइल हातात धरून आंगणातून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून पांदणीत फिरत होती. घरात कोणी तिला बोललं नाही, तरी तिला वाटत होतं की आपल्यालाच हे जमत नाही.

शेवटी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सकाळीच बजावून ती साकोलीला ऑनलाइन सेंटरवर गेली. तिथं दोन्ही ओटीपी लगेच आले, सेंटरवाल्यानं काही मिनिटांत काम उरकलं. दिवस कापणीचे होते. हलका धान उभा होता, मजुरी चांगली चालली होती, ती त्या दिवसाची बुडाली. एसटीत तिला अर्धं तिकीट लागलं, पण गावापासून फाट्यापर्यंत एसटी नाही, तिथं जाता-येता ऑटोचे पैसे पडले. सेंटरवाल्यानं त्याचे वेगळे घेतले. योजनेच्या त्या महिन्याच्या पंधराशेतून एवढं वजा झालं, आणि त्याची पावती तिला कोणी दिली नाही.