दूरशिक्षणाचे नियोजन : प्रवेशसंख्येच्या पलीकडे



आपल्या हाती असलेली ही पुस्तिका एका मोठ्या नियोजनाचा भाग आहे. अभ्यासक्रम कोणता असावा, घटक कोणी लिहावेत, प्रती किती छापाव्यात, अभ्यासकेंद्र कोणत्या गावी द्यावे, परीक्षा केव्हा घ्यावी, हे सारे कोणीतरी आधी ठरविलेले असते. या सर्वांच्या वर राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचे नियोजन असते. देशाने दूरशिक्षणाकडून काय अपेक्षा करावी आणि त्यासाठी किती खर्च करावा, याचा निर्णय तेथे होतो. हा विषय तज्ज्ञांचा आहे असे मानून आपण तो सहसा बाजूला ठेवतो. तथापि ज्यांचे शिक्षण या निर्णयांवर अवलंबून आहे, त्यांनी त्याविषयी स्वतःचे मत बनविणे अगत्याचे आहे. माझे मत मी पुढे मांडत आहे. ते आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे अनेक विद्यापीठांनी तसे विभाग उघडले. त्यामागील विचार साधा होता. महाविद्यालयांत जागा अपुऱ्या आहेत, तेव्हा ज्यांना जागा मिळत नाही त्यांना टपालाने पाठ पाठवावेत. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. या संस्थांची कल्पना मूळ पत्रद्वारा शिक्षणाहून व्यापक होती. नोकरी करणारा, शेती सांभाळणारा, संसारात गुंतलेला प्रौढ माणूस हा येथे मुख्य विद्यार्थी मानला गेला आणि त्याच्या सवडीनुसार शिक्षणाची रचना करण्याचे ठरले. मात्र नियोजनकर्त्यांच्या मनातून ‘उरलेल्यांची सोय’ ही जुनी समजूत पुरती गेली नाही, असे मला वाटते.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०१८ मध्ये ते २६.३ टक्के होते. एवढी वाढ केवळ नव्या इमारती बांधून होणार नाही. म्हणून दूरशिक्षणावर मोठी भिस्त राहणार, हे उघड आहे. नोंदणी वाढावी याविषयी दुमत नाही. परंतु नोंदणीचा आकडा हेच जर यशाचे माप ठरले, तर वाढ कागदावर होईल आणि विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर वाटेतच थांबेल.

असे का घडू शकते, हे समजण्यासाठी दूरशिक्षणाचा खर्च कसा होतो ते पाहू. पाठ्यपुस्तक लिहिणे, तपासणे, त्याचे संपादन करणे यांचा खर्च सुरुवातीला एकदाच होतो. विद्यार्थी पाचशे असोत वा पन्नास हजार, हा खर्च फारसा बदलत नाही. साहजिकच संख्या वाढली की दरडोई खर्च घटतो. ‘दूरशिक्षण स्वस्त पडते’ असे म्हटले जाते ते या अर्थाने, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु खर्चाची दुसरी बाजू अशी नाही. गृहपाठ वाचून त्यावर अभिप्राय लिहिणे, संपर्क सत्रात शंकांचे निरसन करणे, मागे पडलेल्या विद्यार्थ्याची चौकशी करणे, ही कामे प्रत्येक विद्यार्थ्यामागे वाढतात. त्यांत बचत करायची तर कामच कमी करावे लागते. पैसा अपुरा पडला की कात्री प्रथम येथेच लागते, कारण छापील पुस्तक हिशेबात दिसते आणि न लिहिलेला अभिप्राय दिसत नाही. विद्यार्थ्याच्या घरी पुस्तके पोहोचतात. ती वाचताना अडलेले विचारावे कोणाला, हे त्याला ठाऊक नसते.

ब्रिटनचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथील मुक्त विद्यापीठाची मूळ कल्पना १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी मांडली, ती नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून शिकविणाऱ्या विद्यापीठाची होती. १९६९ मध्ये त्या विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. मात्र त्याचा लौकिक केवळ दूरचित्रवाणीवर उभा राहिला नाही. काळजीपूर्वक तयार केलेले लिखित साहित्य आणि विद्यार्थ्याने पाठविलेल्या गृहपाठावर सविस्तर टिपणी लिहून परत करणारा शिक्षक, हे त्याचे मोठे बळ ठरले. आपणही आज ‘स्वयम्’सारख्या व्यासपीठांकडे मोठ्या आशेने पाहतो. ही साधने अवश्य वापरावीत. दुर्गम भागातील विद्यार्थ्याला चांगले व्याख्यान ऐकता येणे ही मोठीच सोय आहे. पण ध्वनिचित्रफितीला त्याची शंका ऐकू येत नाही, आणि त्याच्या उत्तरात नेमकी उणीव कोठे राहिली हेही ती सांगत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. समंत्रकांवर अधिक खर्च केला तर शुल्क वाढेल, आणि ज्यांच्यासाठी ही व्यवस्था आहे तेच तिच्याबाहेर जातील. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा भार विद्यार्थ्यावर न टाकता शासनाने उचलावा, असे माझे म्हणणे आहे. नियमित महाविद्यालयातील अध्यापकाचे वेतन समाज सार्वजनिक निधीतून देतो. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला मात्र आपल्या शिक्षणाचा मोठा वाटा स्वतःच्या शुल्कातून उचलावा लागतो, आणि बहुधा तो अधिक गरजू असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाद्वारे मिळविलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल. पदवी समकक्ष असेल, तर तिच्यामागील आर्थिक तरतुदीचा विचारही त्याच न्यायाने व्हावयास हवा.

माझ्या मते, राष्ट्रीय नियोजनात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. विद्यार्थी-साहाय्यासाठी दरडोई निश्चित निधी असावा आणि तो अन्यत्र वळविता येऊ नये. संस्थेचे मूल्यमापन करताना प्रवेशांसोबत पुढील वर्षात गेलेले व पदवीपर्यंत पोहोचलेले विद्यार्थीही मोजावेत. मात्र ही मोजणी करताना प्रौढ विद्यार्थ्याची गती लक्षात घ्यावी. सुगीच्या हंगामामुळे किंवा घरातील आजारपणामुळे एक वर्ष थांबून जो पुन्हा परतला, त्याला ‘गळती’त धरणे अन्यायाचे आहे, त्याला परतता आले, हे तर व्यवस्थेचे यश मानले पाहिजे. तिसरी गोष्ट भाषेची. एकट्याने वाचून शिकायचे असते तेव्हा पुस्तकाची भाषा हीच शिक्षकाची भाषा होते. म्हणून मातृभाषेतील दर्जेदार स्वयंअध्ययन साहित्याचा खर्च मूलभूत खर्चात धरला जावा. भाषांतराची सोय म्हणून तो शेवटी आठवू नये.

यात आपलाही वाटा आहे. गृहपाठ अभिप्रायासह परत मिळावा, अशी मागणी केंद्रसंयोजकाकडे करावी. संपर्क सत्रांना शक्य तितके उपस्थित राहावे, कारण रिकाम्या वर्गाचा दाखला देऊन सत्रे बंद करणे सोपे असते. पुस्तिकेतील एखादा घटक दुर्बोध वाटला, तर तसे विद्यापीठाला लेखी कळवावे. वरच्या पातळीवर योजना आखणाऱ्यांना आपण प्रवेशअर्जावरील एक क्रमांक म्हणूनच दिसत असतो. आपले प्रश्न लेखी नोंदले गेले, तरच पुढच्या योजनेत त्यांच्यासाठी तरतूद मागता येईल.