विश्लेषण: चार छोटे ग्लास आणि एक दुचाकी, ‘बिअर टेस्टिंग’ कुरुंदवाडला आलं तर?

पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारच्या संध्याकाळी भरणारे ‘क्राफ्ट बिअर टेस्टिंग’चे कार्यक्रम आता नवे राहिलेले नाहीत. बिअर कशी बनते ते दाखवायचं, चार-सहा प्रकार छोट्या ग्लासांतून चाखायला द्यायचे आणि त्यातला फरक समजावून सांगायचा, असं त्यांचं स्वरूप असतं. कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूरची जी मुलं नोकरीसाठी पुण्यात राहतात, त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंतून हे ग्लास गावातही पोहोचले आहेत. उद्या असा कार्यक्रम कुरुंदवाडच्या एखाद्या परमिट रूममध्ये झाला, तर त्याकडे कसं पाहायचं? ‘संस्कृती बुडाली’ किंवा ‘गाव सुधारलं’ ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत. खरा प्रश्न कार्यक्रम संपल्यानंतर सुरू होतो.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकं काय?

बिअरला चार गोष्टी लागतात: पाणी, मोड आणून वाळवलेलं सातू म्हणजे माल्ट, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं आणि यीस्ट. माल्ट कोमट-गरम पाण्यात भिजवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. हे गोड पाणी हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. साधारण १५ ते २४ अंश सेल्सियसला आंबवली तर ‘एल’, त्याहून बऱ्याच थंड तापमानाला संथपणे आंबवली तर ‘लागर’. दुकानातल्या बाटलीबंद बिअर बहुतेक लागर असतात. मायक्रोब्रुअरीत कमी प्रमाणात, वेगवेगळ्या चवींची बिअर बनवून ती तिथेच ताजी विकली जाते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’पासून महाराष्ट्रात हा प्रकार रुजला.

ज्या भागात गुऱ्हाळावर रस कधी उतरवायचा हे काकवीच्या तारेवरून ठरतं आणि वाडीच्या बासुंदीची चव घरोघरी माहीत आहे, तिथल्या लोकांना चवीतला फरक ओळखणं नवं नाही. त्यामुळे ‘गावाकडच्यांना हे काय कळणार’ हा शहरी सूर मुळात चुकीचा आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. राज्यात दारू मिळते ती या कायद्याखालच्या परवान्यांमुळे. दारू बनवायला परवाना लागतो, विकायला लागतो आणि कागदोपत्री पिणाऱ्यालाही लागतो. बिअरसाठी किमान वय २१ आहे. म्हणजे परवानाधारक ब्रुअरीत जाऊन प्रक्रिया पाहणं वेगळं आणि ऑनलाइन ‘किट’ मागवून घरच्या माळ्यावर बिअर आंबवणं वेगळं. दुसरी गोष्ट गुन्हा ठरते, मग ती विकायची असो वा घरच्यांपुरती. व्हिडिओ पाहून उत्साहात येणाऱ्या इंजिनीअरिंगच्या पोरांना हे आधी सांगायला हवं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे गणितात. टेस्टिंगमध्ये प्रत्येकी १०० मिलिलिटरचे चार ग्लास मिळाले आणि बिअर ५ टक्क्यांची असली, तर पोटात २० मिलिलिटर म्हणजे सुमारे १६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ७० किलो वजनाच्या पुरुषाने ते थोड्या वेळात घेतलं, तर १०० मिलिलिटर रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ३० ते ३५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तात तेच प्रमाण ५० च्या आसपास जातं. वाहन चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा ३० आहे. म्हणजे ‘फक्त चव बघितली’ म्हणणारा माणूसही मर्यादेच्या रेषेवर उभा असतो.

बहुतेक लोक चवीवर थांबत नाहीत. आवडलेल्या प्रकाराचा ५०० मिलिलिटरचा मोठा ग्लास मागवला जातो. एकूण अल्कोहोल ३५ ग्रॅमच्या पुढे जातं. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने हे प्रमाण खाली आणतं. त्या हिशेबाने दोन तासांच्या कार्यक्रमात जिरलेलं वजा केलं, तरी ७० किलोचा माणूस बाहेर पडताना मर्यादेच्या दीडपट असू शकतो. लिंबूपाणी, कडक चहा किंवा तोंडावर पाण्याचा हबका यांनी ही गती वाढत नाही. वजन, जेवण आणि प्रकृतीनुसार आकडे बदलतील, पण चित्र हेच राहील.

पुण्यात आणि इथे फरक काय?

पुण्यात बाहेर पडलं की मोबाइलवर कॅब येते. कुरुंदवाडहून रात्री साडेदहाला शिरोळ, जयसिंगपूर किंवा इचलकरंजीकडे निघालेल्या माणसाकडे बहुधा एकच साधन असतं: स्वतःची दुचाकी. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. अंधारात समोर उभी ट्रॉली आहे हे कळायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर पुढचं सांगायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड परवडतो, ट्रॉली परवडत नाही.

शहरातला कार्यक्रम उचलून इथे आणताना ग्लास येतात, माहितीपत्रक येतं, सोबतची कॅब येत नाही. नेमकी हीच उणीव आयोजकांच्या हिशेबात धरलेली नसते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चूक आहे का?

नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगितलं गेलं. विरोध झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही. सामान्य घरातल्या बाईला हा शब्दांचा खेळ लगेच कळतो. तिच्यासाठी बिअर, वाइन आणि देशी यांतला फरक बाटलीच्या लेबलावर नसतो. पगारातले किती पैसे घरी आले आणि माणूस कोणत्या अवस्थेत आला, यावर असतो. ‘आडवी बाटली’च्या मतदानाची तरतूद याच अनुभवातून आली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होऊ शकतं. ‘क्राफ्ट’ हा शब्द लावल्याने या बायकांचा प्रश्न मिटत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. परमिट रूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ घाईघाईने रिचवून निघणं ही आजची रीत आहे. त्यापेक्षा टक्केवारी वाचणं, सोबत खाणं आणि कुठे थांबायचं हे कळणं बरंच. टेस्टिंगने हे शिकवलं तर त्याचा उपयोग आहे. नुसता नवा प्रकार खपवला, तर ती केवळ जाहिरात.

पाण्याचं काय?

एक लिटर बिअरमागे साधारण चार ते सात लिटर पाणी लागतं. उरलेला सातूचा चोथा जनावरांना चांगला खाद्य म्हणून चालतो, तो शिरोळ तालुक्यातल्या गोठ्यांत सहज खपेल. मात्र धुण्याचं पाणी सेंद्रिय घाणीने भरलेलं असतं. पंचगंगेच्या प्रदूषणाने मेलेले मासे या भागाने पाहिले आहेत आणि तीच नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. त्यामुळे पुढे कोणी इथे ब्रुअरीच काढायची म्हटली, तर सांडपाणी प्रक्रियेचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा.

मग करायचं काय?

असा कार्यक्रम सरसकट अडवण्याची गरज नाही, पण चार अटी असाव्यात. एक, ग्लास ५० मिलिलिटरचे आणि प्रत्येकावर टक्केवारी लिहिलेली. दोन, जेवण तिकिटातच. तीन, येतानाच गाडीची चावी काउंटरवर जमा आणि घरी सोडायला आयोजकाची जीप. चार, नगर परिषद आणि वॉर्डातल्या महिलांना आधी कळवून, त्यांचे प्रश्न ऐकून मगच तारीख. यांतली तिसरी अट खर्चिक आहे, म्हणून आयोजक आधी तीच गाळतील. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी कुरुंदवाडकरांनी कोणती बिअर आहे हे नंतर विचारावं. आधी विचारावं, जीप किती वाजता निघणार?